चूक कुणाच्या नावावर

गासान या ऑफिसांच्या भागातल्या त्या इमारतीच्या दारात, ओल्या छत्रीला प्लॅस्टिकची पिशवी चढवणाऱ्या यंत्रात हेरिनची छत्री अडकली. मागून एक हात आला, हलकेच ती सोडवून गेला. नवव्या मजल्यावरच्या आपल्या ऑफिसात पोचल्यावर तिला कळलं, तो हात मो गिचानचा... ती प्रोग्रामर होती त्या विमा कंपनीच्या वेबसाइटचा जुना कोड सुधारायला तीन महिन्यांसाठी आलेला कंत्राटी प्रोग्रामर.

त्याचं म्हणणं साधं होतं: कोडच्या कुठल्याही भागाने स्वतःला लागणाऱ्या वस्तू, म्हणजे कोडचेच कामाचे तुकडे, स्वतः घडवायच्या नाहीत, त्या बाहेरून पुरवायच्या. तो शेजारी बसून समजावायचा, आणि हेरिन त्याच्या बाहीवरचा कॉफीचा डाग बघत राहायची.

"ऐकताय ना, मॅडम?"

"ऐकत होते... तुम्ही बघितलंत आणि विसरले."

त्याचे कान लाल झाले.

डिसेंबरात घाईगर्दीत हेरिनच्या हातून चूक झाली. त्या रचनेत बाहेरून पुरवलेली वस्तू साइट वापरणाऱ्या सगळ्यांना मिळून एकच होती. हेरिनने नेमकी त्या सामायिक वस्तूतच एकेका ग्राहकाची खासगी माहिती ठेवली. दोन ग्राहकांनी एकाच क्षणी साइट उघडली, आणि एका बाईच्या कॅन्सरचा रिपोर्ट तिच्याच कारखान्यातल्या सुपरवायझरच्या फोनवर उमटला. आठवड्याभरात त्या बाईची नोकरी गेली.

चौकशीत गिचानने लिहून दिलं, की चूक त्याची. हेरिनला हे कळलं तेव्हा त्याचं टेबल आवरलेलं होतं. विभागप्रमुख म्हणाले, कागद वर गेलाय, आता गप्प राहा.

ती तडक बस टर्मिनलवर गेली. गिचानच्या गावाची, जिंजूची गाडी लागली होती, आणि तो दाराशी उभा होता.

"मला विचारलंत का?"

"माझं कंत्राट संपतच आलं होतं. तुमची नोकरी तरी—"

"मला नोकरी नको होती. तुम्ही हवे होतात." तिचा आवाज चिरकला. "आता तुमच्याकडे पाहिलं की मला ती बाई दिसते."

गिचानने बॅग खांद्याला लावली. तिने खरं सांगितलं, तर खोटं लिहून दिल्याबद्दल त्याला पुन्हा कुठे काम मिळणार नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"मी सांगितलं तर...?"

त्याने तिच्या खांद्यावरचा बर्फ झटकला.

"सांग, हेरिन." पहिल्यांदाच त्याने तिला एकेरीत हाक मारली. मग तो गाडीत चढला.

हेरिनने सांगितलं. तिची नोकरी गेली, त्याची पुढची कामंही गेली. ती त्या बाईला भेटायला गेली, तेव्हा दार उघडलंच नाही. बराच वेळ जिन्यात बसून तिने गिचानला फोन लावला. तो काही बोलला नाही, पण त्याने फोन ठेवलाही नाही.