सावळघाटची मेणभिंत

सावळघाटच्या प्रशासकीय भवनात रोज सकाळी सहाला दोन माणसं भिंती बघत फिरायची. एक उपअभियंता सुलभा कोवे आणि दुसरे तिथले चौकीदार दसरू मडावी. तळमजल्यापासून वरच्या सभागृहापर्यंत भिंतींत बारा ठिकाणी वहीच्या पानाएवढ्या काचा बसवल्या होत्या. काचेमागे भिंतीच्या पोटातलं मेण दिसायचं. ते पांढरं आणि घट्ट असलं की दसरू हातातल्या पाटीवर फुली मारायचे आणि पुढे चालायचे. गावातले लोक धरणात किती पाणी आहे हे जसं विचारतात, तसंच उन्हाळ्यात दसरूंना विचारायचे, "काका, आज मेण किती?"

त्या दिवशी, मे महिन्याच्या सतरा तारखेला, दसरूंनी पहिल्या काचेसमोर चष्मा पुसला. मग काच पुसली.

"मॅडम, हे तं पाणी दिसून राह्यलं."

मेण पांढरं नव्हतं. गोडेतेलासारखं पारदर्शक होतं. बारापैकी आठ काचांत तसंच होतं.

 सुलभानं भिंतीवर तळहात टेकवला. भिंत अंगाएवढी कोमट लागली.

सात वर्षांपूर्वी ही इमारत उभी राहिली, तेव्हा राज्यभरातून लोक ती बघायला आले होते. नव्या इमारत-मानकाप्रमाणे बांधलेलं हे विदर्भातलं पहिलं सरकारी कार्यालय. आत एकही वातानुकूलन यंत्र नाही. दिवे, पंखे आणि संगणक छतावरच्या सौरपट्ट्यांवर चालायचे. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी आत अठ्ठावीस-एकोणतीस. सगळी करामत त्या मेणाची होती. ते एकोणतीस अंशांना वितळायचं आणि वितळताना खोलीतली उष्णता पिऊन घ्यायचं. रात्री खिडक्या आपोआप उघडायच्या, गार हवा भिंतींमधल्या पोकळीतून फिरायची, मेण पुन्हा गोठायचं आणि दिवसभराची उष्णता आकाशात सोडून द्यायचं. सकाळी भिंत रिकामी, पुन्हा प्यायला तयार.

त्यासाठी एकच गोष्ट लागायची. रात्र गार हवी.

मानक लिहिणाऱ्या गटात सुलभा सर्वांत तरुण होती. रात्रीच्या तापमानाचा आकडा ठरवायची वेळ आली तेव्हा मागच्या तीस वर्षांच्या नोंदी काढल्या गेल्या. मे महिन्यातली रात्र विदर्भात सव्वीसच्या आसपास उतरते, असं त्या सांगत होत्या. सुलभानं विचारलं होतं, "पण पुढच्या तीस वर्षांचं काय?" गटाचे प्रमुख हसून म्हणाले होते, "कोवे, मानक नोंदीवर उभं राहतं. भीतीवर नाही." उत्तर तिला पटलं होतं, निदान तेव्हा तरी. रात्री जास्त गरम धरल्या तर भिंत जाड करावी लागली असती, आणि जाड भिंत म्हणजे जास्त सामान आणि जास्त सिमेंट. मग काटकसरीच्या मानकाला अर्थ काय? तिनं सही केली होती.

गेल्या चार रात्री पारा तेहतीसच्या खाली आला नव्हता.

"आज भिंतीत एक तृतीयांश जागा उरली आहे," ती दसरूंना म्हणाली. "बाकीची भिंत भरली."

"भरली म्हंजे?"

"पोट भरल्यावर माणूस जेवत नाही ना, तसं."

दसरूंनी बाहेर बघितलं. आवारात लोक जमायला सुरुवात झाली होती. उन्हाळ्यात दुपारी गावची वीज जायची. सगळ्या जिल्ह्याचा भार वाहून तारा थकायच्या. टिनाच्या घरांत पंख्याशिवाय बसणं म्हणजे तव्यावर बसणं. म्हणून दोन वर्षांपासून तहसीलदारांनी हे भवन थंडघर म्हणून जाहीर केलं होतं. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत कुणीही यावं, भिंतीला पाठ टेकून बसावं. आदल्या दिवशी सहाशे माणसं बसली होती.

सुलभानं कागदावर हिशेब मांडला. बसलेला माणूस म्हणजे शंभर वॅटचा जळता दिवा. त्याच्या अंगाची उष्णता भिंतीलाच प्यावी लागते. सातशे माणसं आत आली तर भिंत दुपारी साडेबारालाच संपेल. दोनशे साठ आली तर संध्याकाळी पाचपर्यंत टिकेल. तिनं तीनदा पडताळून पाहिलं आणि तहसीलदार पाथोड्यांना फोन लावला.

"एखादं वातानुकूलन यंत्र आणता येईल का कुठून?" त्यांनी विचारलं.

"आणून लावायचं कशावर, साहेब? इथली तारच तेवढी जाड नाही. लागणारच नाही म्हणून घातली नाही."

पाथोड्यांनी आकडा लिहून घेतला. "दोनशे साठ. बरं. पण कोणते दोनशे साठ?"

याचं उत्तर हिशेबात नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, "पासष्टच्या वरचे म्हातारे. गरोदर बाया. पाच वर्षांखालची लेकरं आणि त्यांच्या आया. बाकीच्यांसाठी शाळेच्या पटांगणात मांडव घालतो, पाण्याचा टँकर पाठवतो."

दहा वाजता दार उघडलं तेव्हा आवारात नऊशेच्या वर माणसं होती. दसरू दारात उभे राहून मोजत होते, सुलभा त्यांच्या शेजारी. पहिला तास शिस्तीत गेला. दोनशे अठ्ठावन्नावा माणूस आत गेला आणि समोर अनसूया लांजेवार आली. एकसष्ट वर्षांची, अंगणवाडीतून निवृत्त झालेली. अर्धं गाव तिच्या हाताखाली अ-आ-ई शिकलेलं. कडेवर चार महिन्यांची नात, मागे सून मंगला.

"मंगला आणि बाळ चला," सुलभा म्हणाली. "काकू, तुम्हाला नाही येता येणार. पासष्टची अट आहे."

अनसूयानं आत नजर टाकली. आत लेकरं रडत होती. "एवढ्या पोराईले सांभाळन कोण? त्याईच्या माया स्वतःच घाबरल्या हायेत. मले घ्या, मी गप बसवतो."

तिचं म्हणणं खरं होतं. सुलभानं तिलाही आत सोडलं.

अनसूयाच्या मागे एक डायलिसिसचा रुग्ण होता, त्रेचाळीस वर्षांचा. त्याला कसं नाही म्हणायचं? त्याच्या मागे आंधळ्या बहिणीला घेऊन आलेला भाऊ. मग एक सहा वर्षांची मुलगी, जिची चार वर्षांची बहीण आत गेली होती. दर वेळी सुलभा मनात म्हणायची, एकानं काय होतंय. दसरू मोजत राहिले. त्यांनी आकडा मोठ्यानं सांगायचं बंद केलं. साडेअकराला दार लागलं तेव्हा आत चारशे बारा माणसं होती.

दुपारी पावणेदोनला सभागृहातल्या शेवटच्या काचेतलं मेण वितळलं.

आत अजून कुणाला काही कळलं नव्हतं. एकतीस अंश. अनसूया मधोमध बसून लेकरांना टाळ्या वाजवायला लावत होती. सुलभा संगणकाच्या पडद्यावरचे आकडे बघत होती. बत्तीस. सव्वादोनला तेहतीस. पण तिची नजर दुसऱ्या आकड्यावर होती. हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर गेला होता. चारशे माणसांचा घाम आणि श्वास. भवनाच्या खिडक्या हवाबंद होत्या, उष्णता आत येऊ नये म्हणून. ताजी हवा आणणारं यंत्र तीनशे माणसांपुरतं होतं.

बाहेर सत्तेचाळीस अंश होते, पण हवा कोरडी होती. कोरड्या हवेत घाम उडतो आणि अंग निवतं. सावली, पाणी आणि वारा असला तर माणूस तगतो. ओलसर हवेत पस्तीस अंशही जीव घेतात, कारण घाम उडतच नाही. शरीर आतून हळूहळू शिजत जातं आणि माणसाला वाटतं, नुसती झोप येते आहे.

खिडक्या उघडायला हव्या होत्या. सुलभानं आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आलं: बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा जास्त असताना खिडक्या उघडता येणार नाहीत. हा नियम मानकातलाच होता. कुलूप फक्त राजधानीतल्या मानक कक्षातून निघायचं. तिनं फोन लावला. पलीकडचा तरुण अधिकारी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, सत्तेचाळीसची हवा आत घेणार? तुमच्या भवनाचा ऊर्जाबचत निर्देशांक राज्यात पहिला आहे. लेखी कारण पाठवा, मी लगेच वर दाखवतो."

तिनं फोन ठेवला. "दसरूकाका, पाना आणा."

दोघांनी मोटरचा दांडा सोडवून पहिली खिडकी हातानं ढकलली. भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ आत आली. भिंतीलगतच्या बाया ओरडल्या. एकीनं लेकराच्या तोंडावर पदर घेतला.

"खिडक्या उघडा! सगळ्या उघडा!" सुलभा सांगत सुटली. "बाहेर व्हरांड्यात चला. सावलीत बसा, अंगावर पाणी मारून घ्या. इथली हवा वाईट आहे."

कुणी उठलं नाही. ती दुसऱ्या खिडकीकडे गेली तोवर दोन माणसांनी पहिली ओढून लावली होती.

"मॅडम, बाहेर आग लागली हाय अन् तुमी खिडकी उघडता?" डायलिसिसवाला म्हणाला.

"दादा, ऐका माझं. आत दमटपणा वाढलाय, घाम वाळत नाही तुमचा. बघा हाताला."

"घाम येऊन राह्यला म्हंजे चांगलंच हाय ना."

सुलभा अनसूयाकडे वळली. गाव हिचं ऐकेल. "काकू, तुम्ही सांगा यांना. लेकरांना घेऊन व्हरांड्यात चला."

अनसूया भिंतीला टेकून बसली होती. चेहरा लाल झाला होता, नात मांडीवर. तिनं वर बघितलं आणि थकलेल्या, समजूत काढणाऱ्या आवाजात म्हणाली, "बाई, सात वर्सं तुमीच शिकवलं नं आमाले. खिडकी उघडू नका, थंडावा जाते. माह्या अंगणवाडीत येऊन तक्ता लावला होता तुमी. लेकराईले पाठ हाय तो. आता तुमीच उलटं सांगता?"

"तेव्हा भिंत रिकामी असायची, काकू."

"थोडं दम धरा. सांजेले उतरन."

सुलभानं तिच्या मांडीवरून बाळ उचललं, मंगलाच्या हातात दिलं आणि तिला दंडाला धरून बाहेर नेलं. मंगला सासूकडे वळून वळून बघत होती. तिच्या मागे चाळीस-पन्नास बाया निघाल्या, लेकरं घेऊन. दसरूंनी व्हरांड्यात पाण्याचे पिंप ओतले, टँकर बोलावला, लोकांच्या अंगावर ओली फडकी टाकली. सुलभा पुन्हा आत गेली. एकेकाला हाताला धरून काढत होती. एक बाहेर गेला की दुसरा झळ लागून परत आत शिरत होता. तीन वाजता तिनं व्हरांड्यातली कुंडी उचलून सभागृहाची मोठी काच फोडली, म्हणजे कुणाला लावता येणार नाही. लोकांनी तिला शिव्या दिल्या. मॅडमला वेड लागलं, असं कुणीतरी तहसीलदारांना फोन करून सांगितलं.

पाथोडे पोलीस घेऊन आले तेव्हा साडेतीन झाले होते. सुलभाच्या हातातून रक्त वाहत होतं. त्यांनी पडद्यावरचे आकडे बघितले आणि काही न विचारता पोलिसांना आत पाठवलं.

चारशे बारांपैकी तीनशे एक्क्याण्णव चालत किंवा उचलून बाहेर आले. एकवीस माणसं भिंतीला पाठ टेकून बसलेलीच राहिली. बहुतेक म्हातारी. झोप लागल्यासारखी. त्यांच्यात अनसूया होती. तिच्या शेजारी दोन लेकरं होती, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून. त्यातलं एक वाचलं.

शाळेच्या मांडवाखाली, टँकरच्या पाण्यानं ओली होत बसलेल्या पाचशे माणसांपैकी चौघं गेली. सुलभानं हा आकडा रुग्णालयाच्या ओट्यावर बसून ऐकला, हाताला टाके घालून घेताना. ज्यांना तिनं दारातून परत पाठवलं, त्यांच्यातले जास्त जगले. आणि दोनशे साठवर थांबली असती, तर आतलेही जगले असते. सांगणारा डॉक्टर तिच्याकडे न बघता सुई ओढत होता.

"किती माणसं जास्त घेतली तुम्ही?" त्यानं विचारलं.

"एकशे बावन्न."

"मी असतो तर मीही घेतली असती," डॉक्टर म्हणाला. तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी मानक कक्षातून पत्र आलं. चौकशी समिती नेमली होती. राज्यातल्या तीनशे चाळीस मेणभिंतींच्या इमारतींना सूचना गेली होती की पुढील आदेशापर्यंत थंडघर चालवू नये. त्यांत अठ्ठ्याहत्तर रुग्णालयं होती. ती कशी बंद करायची याबद्दल पत्रात काही नव्हतं. जाड भिंती बांधायला निदान चार वर्षं लागली असती, आणि चार वर्षांनी रात्र किती गार असेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पाथोड्यांनी पत्र वाचून घडी घातली आणि खिशात ठेवलं. हवामान खात्याचा अंदाज होता, अजून सहा दिवस असेच.

दुसऱ्या दिवशी अनसूयाला आणि बाकीच्यांना स्मशानात पोहोचवून सुलभा दहाच्या सुमारास परतली. भवनाच्या दाराला सील ठोकलं होतं आणि एक पोलीस उभा होता. आवारात रांग लागली होती. कालच्याएवढी नाही, पण दीड-दोनशे माणसं होती. काहींच्या डोक्यावर ओलं फडकं होतं. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. शाळेच्या मांडवाची कापडं पहाटेच्या वावटळीत फाटली होती आणि टँकर आला नव्हता.

रांगेच्या टोकाला मंगला उभी होती. कडेवर बाळ. अंत्यविधीहून ती थेट इथेच आली होती. पदर अजून ओला होता.

सुलभा तिच्यासमोर थांबली.  ती म्हणाली, "मंगला, हे दार आता उघडणार नाही. आत मरण आहे, तू बघितलंस ना."

"बघितलं." मंगलानं बाळाच्या तोंडावरचा पदर सारखा केला. "घरी टिन हाय, मॅडम. लाइन कालपासूनच गेली हाय. शाळेत कापड नाई. मी भांडाले नाई आली. तुमाले घरं बांधता येते, भिंतीचं समजते, म्हून इचारते." तिचा आवाज शांत होता. "इथं नाई, तं मग हिले घेऊन मी कुठं जाऊ?"