लेनोर क्विस्ट निरोप घेते

पार्सिपनीत रूट फॉर्टीसिक्स या हायवेला लागून एक बसकी इमारत आहे. खाली दाताचा दवाखाना, वर आश्लेषा बोरकरचं ऑफिस. तिथे ती रोज आठ तास माणसांच्या तोंडाकडे बघत बसायची. कामच तसलं. कंपनी सिनेमांची कॅप्शन्स करायची, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्याखाली उमटणारी वाक्यं. ओठ वाचायला सॉफ्टवेअर होतं. ते जिथे अडेल तिथे आश्लेषा. नागपूरहून एमसीए करून आलेली बाई अमेरिकेत लोकांचे ओठ वाचते, हे तिने सासरी सांगितलं नव्हतं. सांगून कोणाला पटलं असतं?

त्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या एका फिल्म संग्रहाकडून नऊ मूकपट आले. मूकपटातली नटमंडळी मुकी नव्हती. ती कॅमेऱ्यासमोर खरोखर बोलायची, फक्त आवाज टिपायची सोय नव्हती. ती काय बोलली, ते संग्रहाला हवं होतं. नऊही सिनेमांची नायिका एकच, लेनोर क्विस्ट.

लेनोर म्हणजे इथून वीस मिनिटांवरच्या पॅटरसनची, रेशमाच्या गिरणीतल्या कामगाराची पोरगी. हॉलिवूडला खोटं बोलायची लाज कधीच नव्हती. स्टुडिओने तिच्या तोंडाला तपकिरी रंग फासला, कपाळावर खडा चिकटवला आणि ही हिंदुस्थानातली राजकन्या आहे असं छापून टाकलं. अकरा वर्षांत तिने बावीस सिनेमे केले, आणि बाविसांतही ती राजकन्याच. मग बोलपट आले. स्टुडिओने तिच्या आवाजाची चाचणी एकदाच घेतली आणि त्याच दुपारी करार फाडला. आवाज कसा होता, हे कोणत्याच वर्तमानपत्राने लिहिलं नाही. दोन वर्षांनी, एकोणीसशे एकतीसच्या मार्चात, ती राहत्या घराच्या पुढच्या दारातून बाहेर पडली आणि कुणालाच पुन्हा दिसली नाही. मोलकरणीने पोलिसांना सांगितलं, बाई दारात काहीतरी परका शब्द बोलल्या. मला कळला नाही, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

हे सगळं फाइलमध्ये होतं. आश्लेषाने ते डबा खाता खाता वाचलं.

"शुक्रवारी क्लायंट डेमो आहे," प्रसाद म्हणाला. प्रसाद तिचा मॅनेजर, पुण्याचा, पंधरा वर्षं इथे. "हे काँट्रॅक्ट गेलं तर तुझी पोझिशन मला वाचवता येणार नाही. आधीच सांगतोय, मग रडू नकोस."

"मी कधी रडले?"

"नागपूरकर रडत नाहीत, भांडतात. माहितीये."

तो हसला, ती हसली नाही. ऑगस्टमध्ये तिच्या नवऱ्याची, सौमित्रची नोकरी गेली होती. तो आता तिच्या व्हिसावर होता. तिची नोकरी गेली की साठ दिवस मिळणार, साठ दिवसांत दोघांनी देश सोडायचा. नऊ वर्षांचा संसार, आणि तो या नऊ सिनेमांवर टांगलेला.

सोमवारी दुपारी तिने पहिला सिनेमा लावला. सॉफ्टवेअरने सगळं वाचलं होतं, एक जागा सोडून. शेवटचा सीन. राजकन्या महाल सोडते, दारात वळते, काहीतरी बोलते आणि जाते. तिथे मशीनने 'येट' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. दुसऱ्या सिनेमातही तेच. नऊही सिनेमांत शेवटी एक दार होतं, आणि त्या दारात तेच प्रश्नचिन्ह.

आश्लेषाने वेग कमी केला. ओठ दोन्हीकडे ताणले गेले. जीभ वरच्या दातांना टेकली. ओठ पुन्हा ताणले.

मशीनला इंग्रजीच येत होतं, म्हणून ते अडलं. आश्लेषा अडली नाही. तिने हे तोंड आयुष्यात हजारदा पाहिलं होतं. आईचं, मावशीचं, शेजारणीचं. आपल्यात कोणी 'जाते' म्हणत नाही. जाते म्हणणं अशुभ. दारात उभं राहून बाई म्हणते, "येते."

पॅटरसनच्या पोरीला हा शब्द कोणी शिकवला, हा विचार नंतरचा. आधी तोंडातून उत्तर निघून गेलं. ते विचार करून द्यायचं नसतंच.

"बरं, ये," आश्लेषा म्हणाली.

तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

संध्याकाळी घरी सौमित्रने विचारलं, "दुपारी येऊन गेली काय तू?"

"नाही. काहून?"

"डोअरबेलचं नोटिफिकेशन आलं. एक वीसला. दारात माणूस आहे म्हणे. मी उघडलं तर कोणी नाही." त्याने फोन दाखवला. कॅमेऱ्यात रिकामी पायरी, पार्किंग, पिवळं झालेलं मेपलचं झाड. "बाहेर जातानाचं नोटिफिकेशन मात्र नाही आलं."

"सॉफ्टवेअर आहे. चुकतं."

मंगळवारी तिने पहिला सिनेमा पुन्हा लावला. महाल होता, राजा होता, दासी होत्या. दार उघडलं, बंद झालं. सगळे दाराकडे बघत राहिले. दारात कोणी नव्हतं.

तिने मागे जाऊन पाहिलं. राजा रिकाम्या सिंहासनाचा हात धरत होता. एका सीनमध्ये मोत्यांची माळ कशातच न अडकता तशीच हवेत लोंबत होती. दुपारपर्यंत तिने नऊही सिनेमे तपासले. लेनोर एकातही नव्हती.

प्रसादचा चेहरा उतरला. त्याने संग्रहाला फोन केला. त्यांच्याकडच्या प्रतींचीही तीच गत होती. लॉगमध्ये फाइल्स उघडणारं नाव एकच होतं, आश्लेषाचं.

"तू काय केलंस नेमकं?"

"पाहिलं."

"बघून नट्या गायब होत नाहीत, आश्लेषा. शुक्रवारपर्यंत आण. कुठून आणायचं ते तू बघ."

घरी गॅसवर कुकर होता. शिटी वर उचलली गेली, वाफेचा फवारा छताकडे गेला, काच धुरकट झाली. आवाज आला नाही.

दोघं कुकरकडे बघत उभे राहिले. दुसरी शिटीही तशीच झाली.

"कान बसले काय माझे?" सौमित्र म्हणाला. त्याचं बोलणं तिला नीट ऐकू आलं. चमचा खाली पडला, तो ऐकू आला नाही.

बुधवारी त्याचा अर्विंग शहरातल्या एका कंपनीशी व्हिडिओ इंटरव्ह्यू होता. हॉलमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून तो वीस मिनिटं बोलला. समोरची बाई हसून पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, तुम्ही म्यूटवर आहात. तो म्यूटवर नव्हता. स्वयंपाकघरातून आश्लेषाला त्याचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. हॉलमध्ये त्याच्या मागच्या सोफ्याची गादी मध्यभागी दबलेली होती, कोणी बसल्यावर दबते तशी. खोलीत तापलेल्या दिव्यांचा आणि तेलकट रंगाचा वास होता.

त्या रात्री जेवताना तिने सगळं सांगितलं. सौमित्र हसला नाही.

"तूच बोलावली ना? मग तूच सांग जायला."

"पाहुणीला जा कसं म्हणू?"

"मग काय म्हणशील? या आता? या म्हटलं का पुन्हा येईल ती." त्याने पोळीचा तुकडा ताटात टाकला. "साठ दिवस, आशू. साठ दिवसांत हे घर आवरायचं, अन् कारण काय सांगायचं? भुताला वाईट वाटू नये म्हणून?"

गुरुवारी संध्याकाळी, उजेड असतानाच, त्यांनी पुढचं दार उघडलं. आश्लेषा बाजूला उभी राहिली. तिने तोंड उघडलं. तीस वर्षांची सवय आडवी आली. शब्द निघेना.

सोफ्याची गादी हळूच वर आली.

वास जवळ आला.

"जा ना बाई!" सौमित्र ओरडला. "जा! पुन्हा येऊ नको!"

पडदा हलला. पायरीवरचं मेपलचं पान बाजूला सरकलं. फोन थरथरला. दारात माणूस आहे.

मग स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर ऐकू आली. नळाचा थेंब, वरच्या मजल्यावरचा टीव्ही, रस्त्यावरचा ट्रक, सगळं परत आलं. आश्लेषा जमिनीवर बसून रडली. सौमित्रने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हटलं.

तिने वर पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. 'झालं ना?' असं तो विचारत होता. तिने ते वाचलं.

शुक्रवारी सकाळी त्याने मेसेज टाकला: घसा बसला असेल. तू डेमो कर.

डेमोला लेनोर क्विस्ट नऊही सिनेमांत होती. सिंहासनावर, मोत्यांच्या माळेत, दारात. आणि ती बोलत होती. शंभर वर्षांच्या मूकपटाला आवाज होता, ओठांना बरोबर जुळलेला. कॅलिफोर्नियाहून कॉलवर असलेली माणसं थक्क झाली. हा ट्रॅक कुठून आला, असं त्यांनी विचारलं.

"आमचं नवं एआय मॉडेल," प्रसाद क्षणभरही न अडखळता म्हणाला.

काँट्रॅक्ट आणखी तीन वर्षांसाठी वाढलं. संग्रहाच्या बाई म्हणाल्या, आवाज भरदार आहे, पण तिला शोभतो. खरंच शोभत होता. अंगावर शिवल्यासारखा बसला होता.

आश्लेषाने हेडफोन लावले. राजकन्या मोठं वाक्य बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायची. 'व्हॉट'मधला 'व्ह' ती नागपूरच्या माणसासारखा जड उच्चारायची. राजा चेष्टा करायचा तेव्हा ती हसायची, आणि हसू संपता संपता नाकातून बारीक सूं व्हायचं. नऊ वर्षं आश्लेषा त्या हसण्याशेजारी झोपली होती.

कंपनीचा नियम साधा आहे. फाइल पास करण्याआधी आवाज कोणाचा, ते रकान्यात लिहायचं. नाव चुकलं तर फाइल परत येते. प्रसाद मागे उभा होता.

"झालं का गं? क्लायंट थांबलाय."

तिने लिहिलं: लेनोर क्विस्ट. अप्रूव्ह दाबलं.

मग दुसरा सिनेमा उघडला आणि तेच लिहिलं. मग तिसरा. पाचव्यापासून तिला हेडफोनची गरज वाटली नाही. तिने ते काढून टेबलावर ठेवले. त्यांतून आवाज बारीक बारीक येत राहिला.