हाताचा लेअर

हसा लेको, हसा. ॲनिमेशनचं रेंडर संपायला अजून तासभर आहे, तोवर ऐका. थापा नाहीत या. माझ्याच हाताखाली शिकलेल्या एकाच्या घरी घडलंय हे. कामाला इतका निवांत, की आम्ही त्याला ‘सावकाश’च म्हणायचो.

त्याचा थोरला भाऊ अपघातात गेला. आदल्या रात्री दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालेलं. सकाळी दादा आईला ‘येतो’सुद्धा न म्हणता तणतणत बाहेर पडला, तो गेलाच. महिना झाला तरी आईच्या डोळ्याला डोळा नाही. एकच धोशा, "जाताना हात तरी हलवायचा होता रे त्याने!" डॉक्टरांनी सावकाशला बाजूला घेऊन सांगितलं, अशीच जागत राहिली तर आई हाताला लागायची नाही.

म्हणून सावकाशने दादाचा फोटो घेतला. छातीवर हात ठेवून उभा असलेला. म्हटलं, आईसाठी यालाच हात हलवायला लावू. हात कापून त्याचा वेगळा लेअर केला, मागचा शर्ट रंगवून भरला. पहिल्या सेकंदाला हात छातीवर, तिथे खुणेची एक कीफ्रेम. तिसऱ्याला हात वर, तिथे दुसरी. मधली हालचाल सॉफ्टवेअर आपलं आपण भरतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

बुधवारची रात्र. एक वाजून वीस मिनिटं. आई पलीकडच्या खोलीत, पांढरे केस मोकळे सोडून जागीच पडलेली. याने प्ले केलं. हात उठला... आणि थांबेना. वर गेला, मग कडेला सरकला, आईच्या खोलीच्या बाजूने चौकटीबाहेर गेला.

"च्यायला!" हात धडाच्या लेअरला जोडायचाच राहिला होता. नवशिक्याची चूक. पण कीफ्रेम? दिल्या होत्या दोन. आता सात. त्याने पाच पुसल्या. पुन्हा सात. पुसल्या. नऊ.

हाताचा लेअर उघडला.

रिकामा...

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. पेंगुळलेला.

"किती गार हात रे तुझा..."

सावकाश खुर्चीतच होता. दोन्ही हात कीबोर्डवर.

"राहू दे डोक्यावर. बरं वाटतंय..."

त्याला उठवेना. "दादा...?"

 आई घोरत होती. महिन्याभरात पहिल्यांदा.

मग मात्र त्याला रडू फुटलं. "दादा, चुकलं रे माझं. एकदा माझ्याही डोक्यावर..."

 उजाडेपर्यंत तो तसाच मान खाली घालून बसला. त्याच्याकडे कोणी आलं नाही.

सकाळी आईने आपणहून चहा मागितला. सावकाशने पडद्यावर पाहिलं. हात पुन्हा छातीवर, कीफ्रेम दोनच. म्हटलं, जागरणाने भास झाला असेल. फोटो मोठा केला.

बोटांच्या बेचक्यात एक लांब पांढरा केस अडकला होता.

मूळ फोटो मी स्वतः पाहिलाय, पोरांनो. त्यात तो नाही.