पुसलेल्या काचेवर

बसा, चहा सांगितलाय. तोवर तुमच्या फोनची काच गरम होऊ द्या, घाईनं उचकटली की तडकते.

कळंबच्या स्टँडसमोर हे दुकान टाकून मला एकोणीस वर्षं झाली. या मल्हारच्या काउंटरवरून लॉक न उघडता फोन परत गेला, असं सांगणारा माणूस तालुक्यात दाखवा आणि माझी खुर्ची घेऊन जा. स्वतःची आरती स्वतःच ओवाळतोय म्हणा हवं तर. पॅटर्नचं लॉक असलं की बाकीचे आधी कॉम्प्युटरला वायर जोडतात, मी तोंडाला लावायची पावडर घेतो. चिमूटभर काचेवर टाकायची आणि हलकेच फुंकर मारायची. रोज एकाच वाटेनं फिरणारं बोट आपलं तेल मागं ठेवून जातं. पावडर त्या तेलाला धरून राहते आणि वाट दिसते.

माझी लेक ज्ञानेश्वरी सातव्या महिन्यात माहेरी आली होती, पहिल्या बाळंतपणाला. तिचा फोन पाण्याच्या हौदात पडला. जावई पुण्यात, रोज संध्याकाळी तोंड बघितल्याशिवाय दोघांना घास उतरायचा नाही. मी जुना पण चांगला फोन शोधत होतो. मोबाईलवरच्या जाहिरातीत एक दिसला, नळदुर्गच्या माणसाचा. किंमत निम्मी, कारण लॉक कुणाला माहीत नाही. मला हसू आलं. लॉक असलेला फोन म्हणजे आमच्यासाठी सवलतच की!

नळदुर्गला हायवेवरच्या धाब्यात भर दुपारी भेट ठरली. विकणारा शिवपुत्र, तिशीचा, शेळ्या-मेंढ्या राखणारा. बिल, खोका, सगळं घेऊन आला होता.

"भावाचा हाय मामा, सिद्धारामचा. दीड महिना झाला त्याला जाऊन. घरात ठिवला की माय छातीशी धरून बसती, जेवत न्हाय. म्हून काढायलोय."

"वाईट झालं," मी म्हणालो.

"आतले फोटू तेवढे मला धाडा. तेवढ्यासाठी उघडा. मग पुसून टाका सगळं."

गेलेल्या माणसाचा फोन वापरू नये असं मला वाटलं नाही. माणूस जातो, वस्तू राहते. आपण तिचं काम चालू ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन घेऊन बसलो आणि एकोणीस वर्षांत कधी केली नव्हती ती चूक केली. आलेला फोन आधी स्पिरिटनं पुसायची हाताला सवय. दोन्ही बाजूंनी लखलखीत पुसला आणि मग लक्षात आलं की वाटच पुसली. स्वतःला दोन शिव्या घातल्या. तरी पावडर टाकली, फुंकर मारली.

वाट उमटली.

मधल्या ठिपक्यापासून वर, तिथून उजवीकडं, मग कडेनं सरळ खाली. गड्याच्या अंगठ्याएवढी रुंद, ठसठशीत. मी म्हणालो, बघ मल्हार, स्पिरिटलासुद्धा तुझा मान ठेवावा लागतो. त्या वाटेनं बोट फिरवलं, पहिल्याच फटक्यात फोन उघडला. फोटो शिवपुत्रला पाठवले, फोन आतून कोरा केला आणि संध्याकाळी लेकीच्या हातात ठेवला. तिनं स्वतःचा पॅटर्न घातला. किती खूश होती पोरगी! दिवसभर कॉटवर उताणी पडायची आणि फोन पोटावर ठेवायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अण्णा, माझा पॅटर्न घेत न्हाय हा."

"विसरली असशील. या दिवसांत डोकं कुठं जाग्यावर असतंय तुझं?" मी चिडवलं. दुकानात नेला, पुसला, पावडर टाकली. पुन्हा तीच वाट. मधून वर, उजवीकडं, खाली. पण आता करंगळीएवढी बारीक. त्यावरून बोट फिरवलं तर कोरा केलेला फोन जुन्याच पॅटर्ननं उघडला. असं होत नाही. मी पुन्हा कोरा केला, काच दोनदा पुसली.

दोन दिवसांनी पुन्हा लॉक. या वेळी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. पावडर टाकली, फुंकर मारली. वाट आली. आगपेटीच्या काडीएवढी. एवढं बारीक बोट... कुणाचं असतं हो?

काच न पुसता शिवपुत्रला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. मागं शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

"उमटलं...? तुमच्याकडं उमटलं?" त्याचा आवाज फुटला. "मामा, आमच्यात दहाव्याच्या आदल्या राती परातीत पीठ पसरून, वर दिवा लावून, डालगं झाकत्यात, कोंबड्या झाकायचं टोपलं. सकाळी पिठावर खूण बघायची. पाखराचा पाय उमटला तर पाखराच्या जन्माला गेला. माणसाचं काय उमटलं तर माणसाच्या. सिद्धारामचं काईच उमटलं न्हाय. माय दीड महिना रोज पीठ पसरतीया... रोज कोरंच."

"मी दोनदा पुसलं ते," मी म्हणालो.

"पुसलं? पुसायचं नसतंय ओ! घरच्यानं बघायचं अन् नदीत सोडायचं. मग सुटतो त्यो. तसंच झाकून ठिवा, उद्याच्याला येतो."

दुसऱ्या दिवशी अकराला तो आला. मी फोन स्टीलच्या डब्याखाली झाकून ठेवला होता. त्यानं डबा उचलला, वाकून बघितलं आणि काउंटरवर डोकं टेकवलं. मोठा माणूस तसा रडताना बघवत नाही.

"माणसाचंच बोट हाय," डोळे पुसत तो म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं. "लई बारकं... मामा, तुमच्या घरात कुणी पोटुशी हाय का?"

सांगायला एक शब्द पुरे होता. पण माझ्या डोक्यात एकदम आलं, हा माणूस उद्या माझ्या नातवावर हक्क सांगत दारात उभा राहील. आमचं लेकरू, आमच्या घरचं. दुसऱ्या कुणाचं कसं असेल?

"नाही," मी म्हणालो. "कुणी नाही."

"बरं. मग मोकळा करतो त्याला." त्यानं काचेला हात न लावता फोन फडक्यात बांधला. मी पैसे परत मागितले नाहीत. तो नळदुर्गच्या गाडीत बसला आणि मी सुटलो असं मला वाटलं. संध्याकाळी पेढे घेऊन घरी गेलो, बघा.

दारातच अयोध्या, माझी बायको, समोर आली. चेहरा पांढरा.

"दुपारपासून बाळ हाललं न्हाय ओ. गूळपाणी दिलं, कुशीवर निजवलं... काईच न्हाय. दवाखान्यात न्यायला जीप सांगितली, अजून आली न्हाय."

ज्ञानेश्वरी कॉटवर पडली होती. दोन्ही हात पोटावर, डोळे आढ्याकडं. रडतसुद्धा नव्हती. "अण्णा, त्यो लई शांत झालाय," एवढंच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मला काही सुचेना. मग सुचलं, आणि मी शिवपुत्रला फोन लावला. पलीकडं पाण्याचा आवाज येत होता.

"नदीवर हाय मामा. माय बी हाय संगं. सोडतोच हाय आता."

"थांब... सोडू नकोस. मी खोटं बोललो. माझी लेक... सातवा महिना आहे. बाळ हालायचं थांबलंय."

तो शिव्या देईल असं वाटलं, द्यायलाच हव्या होत्या.

"दारातून माघारी लावलं तुमी त्याला," तो हळूच म्हणाला. "मी सोडत न्हाय. पर नुसतं तेवढ्यानं येनार न्हाय आता. तुमीच हाक मारा. नावानं मारा. घरच्यानं बोलावल्याबिगर कसा येईल?"

एकदा हाक मारली की तो आमच्या घरात आला, हे मला कळत होतं. सगळं कळत होतं. मी लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि कॉटजवळ गुडघे टेकले. तिच्या पोटाजवळ तोंड नेलं.

"सिद्धाराम."

काही नाही. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"सिद्धाराम... ये बाबा. चुकलं माझं. आपलंच घर आहे... ये."

पोट हाललं. ज्ञानेश्वरी एकदम ओरडली, "आई, हाललं! हाललं गं!" अयोध्या देव्हाऱ्याकडं हात जोडून मोठ्यानं रडायला लागली. मीही रडलो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त आनंद झाला होता. पण माझं तोंड अजून तिच्या पोटापाशी होतं आणि पातळ गाऊनवरून मला दिसत होतं. आधी मधोमध एक बारीक उंचवटा आला. तो वर सरकला. उजवीकडं वळला. मग कडेनं सरळ खाली उतरला, सावकाश, ओळखीच्या वाटेनं.

लेकीनं माझा हात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"अण्णा," ती म्हणाली, "सिद्धाराम कोण?"

तिच्या दुसऱ्या तळहाताखाली ती वाट मधल्या जागेपासून पुन्हा सुरू झाली होती.