सुस्तावलेल्या गप्पींचं गूढ

"उद्या संध्याकाळी हौदात औषध ओतणार! मासे मेले तर वाईट मलाही वाटेल, पण इलाज नाही!" कॉलनीच्या अध्यक्षकाकांनी जाहीर केलं.

बाहुली तडक तिच्या मित्राकडे, बटाट्याकडे धावली. धाकट्या भावाला डेंगी झाला, तेव्हा तिने आणि बटाट्याने कॉलनीच्या बागेतल्या हौदात गप्पी मासे सोडले होते. डासांच्या अळ्या ते फस्त करतात म्हणून! पण हौदात तर पुन्हा अळ्या वळवळत होत्या. भाऊ आत्ता कुठे अंथरुणातून उठला होता. त्याला पुन्हा ताप आला तर?

"गप्पी आणि अळी सोडेल? छे! कुठेतरी पाणी मुरतंय," बटाट्या म्हणाला.

सकाळी दोघं कुंड्यांआड दबा धरून बसले. थोड्या वेळाने इकडेतिकडे बघत कोण यावं? खुद्द अध्यक्षकाका! त्यांनी खिशातून बिस्किटांचा पुडा काढला आणि हौदात चुरा टाकला.

"या रे सोन्यांनो! उपाशी नका राहू!"

मासे टम्म झाले. एक अळी तर एकाच्या तोंडासमोरून गेली, पण पठ्ठ्याने ढुंकूनही बघितलं नाही!

"सांगून टाकू सगळ्यांना!" बटाट्या उसळला.

"नुसतं सांगून काका ऐकतील? दोन बरण्या आण!"

संध्याकाळी औषधवाला पंप घेऊन हजर झाला. बाहुलीने सगळ्यांसमोर कट्ट्यावर बरण्या ठेवल्या. "काका, सकाळी दोन्हींत सारखे मासे आणि सारख्याच अळ्या होत्या. आता बघा!"

एकीत अळ्या मजेत नाचत होत्या. दुसरीत औषधालाही अळी उरली नव्हती.

"वा! याला म्हणतात मासे!" काकांनी दुसरी बरणी उचलली. "असे हवेत आपल्या हौदात!"

"तेच आहेत, काका. यांना फक्त अळ्या दिल्या. त्या पहिल्या बरणीतल्यांना आधी बिस्किटं घातली, तुमच्यासारखी!"

सगळे खो खो हसले. काकांचा चेहरा पडला. "अगं, मला वाटलं, एवढेसे जीव, उपाशी राहतात..."

"पोट भरल्यावर ते कशाला शिकार करतील?" बाहुली म्हणाली.

"शाबास गं!" कॉलनीतल्या डॉक्टरमावशींनी तिची पाठ थोपटली. "आम्हा मोठ्यांना हे सुचलं नाही!"

काकांनी औषधवाल्याला परत पाठवलं. तेवढ्यात बाहुलीचा भाऊ मासे बघायला हौदाशी आला. काकांचा हात सवयीने खिशात गेला, आणि सगळे एकदम ओरडले, "काका!"

काकांनी बिस्किटांचा पुडा मुकाट्याने त्या पोराच्या हातात ठेवला.