निरांजे यांचा पहारा

तीर्थपुरीचा सप्ताह जवळ आला की मंडपाचं पांढरं कापड आणायला मी जुन्या जालन्यात जुगलकिशोर शेटजींच्या दुकानी जातो. शेटजींचं घराणं राजस्थानातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच झालेलं. कीर्तन ऐकायला मिळणार असेल तर हा माणूस गिऱ्हाईक सोडून उठतो, म्हणून आमचं जमतं. जुन्या वस्तूंचा त्यांना भारी शौक. दुकानाच्या माडीवर तबकड्या, पुस्तकं, चित्रं रचून ठेवलेली.

त्या दुपारी मी पायरी चढलो तसे ते म्हणाले, "या, काकासाहेब! तुमचे भाऊबंद वर येऊन बसलेत."

"आमचे कुठले भाऊबंद? निरांजे आडनावाचं सगळ्या जिल्ह्यात एकच घर हाय."

"मंग चला वर. चहा तिथंच मागवतो."

माडीवर त्यांनी एक तबकडी लावली. लेबलवर गवयाच्या नावाखाली बारीक छापलं होतं, 'वीणा : निरांजे'. पुढचं नाव नव्हतं. अभंग गोड होता, मी मान डोलावत ऐकला. तो संपला, सुई खरखरत राहिली, आणि त्या खरखरीतून एक माणूस हळूच म्हणाला, "पाणी."

"कापायचं राहून गेलं असंल," शेटजी हसले. "तहान लागली बिचाऱ्याला."

मला हसू आलं नाही. आवाज कल्याणचा होता. आणि तबकडी माझे वडील रांगत असतानाची होती.

कल्याण माझा धाकटा भाऊ. सप्ताहातल्या वीणेचा नियम पुष्कळांना ठाऊक असेल. सात दिवस ती जमिनीला टेकवायची नाही. रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घालून उभं राहायचं, नाम घ्यायचं. पहारा बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. त्याशिवाय पहारा बदलला असं आम्ही धरत नाही. काल्याच्या सकाळचा शेवटचा पहारा आमच्या घरचा. कल्याण हरवला त्या वर्षी तोच उभा होता. काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं असताना त्यानं मला खुणेनं बोलावलं, वीणा माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाला, "जरा धर दादा, पाणी पिऊन येतो."

पाया पडला नाही. येणारच होता ना लगेच.

तो आला नाही. विहिरी पाहिल्या, गावं पाहिली, पोलीस झाले. तरुण पोरगा चपला मंडपाबाहेर ठेवून गेला तो गेलाच. तेव्हापासून शेवटच्या पहाऱ्याला दरवर्षी मी उभा राहतो, पण माय कधी 'काकासाहेबाचा पहारा' म्हणत नाही. म्हणते, "कल्याणचा पहारा हाय, तू नुसता धरून हाईस."

घरी मी तिला तबकडीचं सांगितलं नाही.

शेटजींना मात्र जुन्या वस्तूंत आमचं आडनाव शोधायचा नाद लागला. पुढच्या खेपेला त्यांच्या सुनेनं, रितिकानं, मोबाइलवर एक जुना काळा-पांढरा सिनेमा दाखवला. नामावलीत शेवटी 'निरांजे'. कीर्तनाच्या प्रसंगात टाळकऱ्यांच्या ओळीच्या टोकाला एक माणूस पाठमोरा उभा होता. हातात काहीच नाही, पण डावा हात कोपरात वाकवलेला. वीणा धरणाऱ्याचा वाकतो तसा.

"काका, आता हे वाचा," म्हणत तिनं एक कादंबरी पुढं केली. पानं पिवळी, वास कुबट. एका प्रकरणात निरांजे नावाचा माणूस येत होता. मंडपात येतो, पाणी मागतो. सगळे कीर्तनात रंगलेले, कुणी वळून पाहत नाही. पुढं पुस्तकात तो कुठंच नाही.

"नाव एकच पडलं, योगायोग असंल," मी म्हणालो.

शेटजींनी मग कोपऱ्यातला जुना पट उलगडला. कापडावर रंगवलेलं कीर्तन. त्यांच्या पणजोबांच्याही आधीपासून घरात असलेलं. माणसांच्या पायाशी त्यांची आडनावं. कडेला एक जण तोंड वळवून उभा, ओंजळ पुढं केलेली. ओंजळीत काही नाही. पायाशी आमचं आडनाव.

"लई नामी खानदान निघालं की तुमचं!" शेटजी म्हणाले. माझ्याकडं पाहिल्यावर त्यांनी पट गुंडाळून ठेवला.

त्या संध्याकाळी मी मायला सगळं सांगितलं. तिला दिसत नाही फारसं, ऐकू मात्र बराबर येतं. मला वाटलं रडेल, नाहीतर मला वेड्यात काढेल. कुठल्या साली काय झालं हे तिनं विचारलंच नाही.

"इतक्या ठिकाणी मागून राह्यला लेकरू," ती म्हणाली, "आन्‌ एकानंही दिलं न्हाई?"

"माय, ती जुनी—"

"जुनी असू दे, न्हाईतर नवी असू दे. मंग आपण द्यावं की."

काल्याच्या सकाळी तिनं आपला तांब्या घासून लख्ख केला. लग्नातला, तांब्याचा, काठाला पोचा आलेला, पोटावर 'झुंबरबाई निरांजे' असं टोचून नाव घातलेला. गाळलेलं पाणी भरून तो मंडपात आणला आणि मी उभा होतो त्या खांबाशी ठेवला. स्वतः पलीकडं टेकून बसली.

ऊन चांगलं वर आलं होतं. महाराज कृष्णाच्या सवंगड्यांवर बोलत होते, शिदोऱ्या एकत्र करण्यावर. टाळ एका लयीत. दहीलाह्यांचा वास येत होता. गजर सुरू झाला आणि मी डोळे मिटले. कीर्तनात डोळे मिटले की मला कल्याणच दिसतो, हे देवाला ठाऊक आहे.

माझ्या पायांवर कुणीतरी डोकं ठेवलं.

कपाळ थंड होतं. केस ओले.

वीणा गळ्यात असताना वाकून पाया पडायची मला सवय आहे. मी तसाच वाकलो. हाताला पावलं लागली. अनवाणी, धुळीची.

डोळे उघडले तर पुढं नुसती सतरंजी होती, आणि वीणा अजून माझ्याच गळ्यात.

खांबाशी तांब्या नव्हता. त्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ होतं, तेही उन्हानं आटत चाललेलं.

"काकासाहेब," पलीकडून माय म्हणाली, "पाणी पेला का रे तो?"

"पेला, माय."

तिनं पदरानं तोंड पुसलं, जशी तीच प्याली होती.

तांब्या कुठंच सापडला नाही. मायनं शोधूही दिला नाही.

कापडाचा हिशेब करायला मी जालन्याला गेलो आणि शेटजींना पट दाखवायला सांगितलं. कडेचा माणूस तिथंच होता. तोंड आता इकडं होतं. उजव्या हातात तांब्या.

"हा तांब्या कधी आला?"

"कधी म्हणजे?" शेटजींनी चष्मा वर केला. "पहिल्यापासून हाय की. मागं तुम्ही बघितला न्हाई?"

मी वाकून पाहिलं. काठाला पोचा होता. पोटावर टोचलेली अक्षरं फार बारीक, पण मला ती वाचायची गरज नव्हती.

तांब्या कलता होता, रिकामा. आणि डावा हात त्यानं पुढं केला होता, तळवा वर, कोपर किंचित वाकवून. वीणा घ्यायला करतात तसा.