खुर्चीची खालची बाजू

ज्या वर्षी यास्नाच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्या वर्षी, किंबहुना त्याच दुपारी, तिची आणि एलिसेओची गाठ पडली. चिलीतल्या वालपाराइसो शहरात, टेकडीवरच्या घराच्या गच्चीत जेवणं चालली होती. ओर्तेन्सिया आत्या नाचता नाचता मटकन खाली बसली, ती घामाने डबडबून. अ‍ॅम्ब्युलन्स लगेच आली, पण खालच्या रस्त्यापर्यंतच. तिथून वर नुसता जिना.

दुमडती खुर्ची खांद्यावर टाकून एकटा एलिसेओ धापा टाकत वर आला. पाळीवरच्या जोडीदाराची कंबर सकाळीच धरली होती आणि ड्रायव्हर गुडघ्यांनी अधू.

"वरची बाजू धरायला कोणी आहे का?"

यास्ना स्वतः अ‍ॅम्ब्युलन्सच्या दुसऱ्या ठाण्यावर पॅरामेडिकच होती. तिने उंच टाचांच्या चपला काढल्या, रेशमी झगा वर खोचला आणि खुर्चीच्या मुठी धरल्या.

"तुम्ही नवरीच्या बाजूच्या ना?" तो म्हणाला.

"आणि तुम्ही बोलण्याच्या बाजूचे दिसता. उचला."

जिन्यावरून खुर्ची उतरवताना खालची बाजू धरणारा पाठमोरा उतरतो. पायरी त्याला दिसत नाही. वरचा सांगेल तेवढंच खरं, म्हणून तो सारा वेळ वरच्याच्या तोंडाकडे बघत राहतो. "पायरी... पायरी... ही तुटकी आहे... वळण..." यास्ना सांगत होती, आणि त्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती. दोघांच्या मध्ये आत्या, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून.

खाली पोचल्यावर तो हळूच म्हणाला, "तुमच्या केसांत तांदूळ आहेत... लग्नाचे."

पुढे तिची बदली त्याच्याच ठाण्यावर झाली. 'तुम्ही'चं 'तू' झालं, त्यापुढे काही सरकलं नाही. दिवसरात्रीची पाळी संपली की दोघं उभ्याउभ्या पाव आणि अवोकाडो खात, चहा पीत आणि आपापल्या वाटेने झोपायला जात. प्रेम करायलाही अंगात थोडा जीव लागतो. काय बघायचं ते जिन्यावर, आजारी माणसाच्या डोक्यावरून. ती एकदा म्हणाली होती, किती बघतोस. तो म्हणाला, कामच आहे, माझा काय दोष.

मग नवी खुर्ची आली. विजेवर चालणारी, खाली रबरी पट्टे असलेली. एकच माणूस ती जिन्यावरून अलगद उतरवू शकतो. साहेबांनी सांगितलं की आता कंबरा वाचतील, आणि ते खरंच होतं. यास्नाचा डावा हात अलीकडे रात्री बधिर व्हायचा. पण आता गाडीवर ड्रायव्हरखेरीज एकच पॅरामेडिक राहणार होता. दुसऱ्याने शहरातल्या खोलीत पडद्यासमोर बसायचं आणि गाडी पोचेपर्यंत घरच्यांना फोनवरून छाती कशी दाबायची ते सांगायचं. एलिसेओच्या मणक्याचा फोटो वाईट होता, त्यामुळे खोलीसाठी त्याचं नाव लागलं.

"बरंच झालं. बसून काम," तो म्हणाला.

"हो... बरंच झालं," ती म्हणाली. दोघंही इतके दमले होते की यापुढे बोलणं झालं नाही.

त्याच्या शेवटच्या पाळीला, वर्षाकाठी एकदोनदा यायचा तसा, आत्याकडूनच फोन आला. पाय सुजलेले, श्वास पुरत नव्हता. यास्नाने तिला नव्या खुर्चीत बसवलं, बटण दाबलं, आणि खुर्ची गुणगुणत पायरी पायरी उतरू लागली. एलिसेओने मागून यायचं, तर तो पुढे गेला आणि मोकळ्या हातांनी, पाठमोरा उतरू लागला.

"खाली बघ. पडशील."

"तू सांग ना."

तिने पुढची पायरी पाहिली. मग म्हणाली, "पायरी..."

आत्याने मास्क बाजूला केला. "खुर्ची छान आहे. अंग हिंदकळत नाही. पण तुम्हाला आता एकमेकांकडे बघायला दुसरं निमित्त शोधावं लागेल. इतकी वर्षं तुमच्या मध्ये बसून उतरतेय, मान अवघडली माझी."

"मास्क लावा, ओर्तेन्सियाबाई." एलिसेओचे कान लाल झाले होते.

"लावते. तू आधी बोल."

वळणावर यास्नाने खुर्ची थांबवली. खाली समुद्रावर धुकं होतं.

"घरी जाताना मला पायरी सांगायला कोणी नाही," तो म्हणाला.

"तुझं घर सपाटीवर आहे, एलिसेओ."

"म्हणून तर विचारतोय... तुझं वर आहे ना."

"रोज चढावं लागेल. तुझ्या कंबरेचं काय?"

"सावकाश चढेन."

"मग ये," ती म्हणाली आणि पुन्हा बटण दाबलं. "पायरी."

आत्याने मास्क लावला. त्या खेपेला ती आठवड्याने घरी परतली, आणि तांदूळ मीच टाकणार म्हणून सगळ्यांना सांगत सुटली.

लग्न सप्टेंबरात झालं, तांदूळ बहिणीने टाकले. ओर्तेन्सिया आत्या त्याआधी, जुलैच्या शेवटच्या रविवारी, स्वतःच्या खाटेवर दुपारच्या झोपेत वारली. शवपेटी त्या यंत्रावर बसत नव्हती. शेजाऱ्यांनी कडेने हात लावला, वरची बाजू यास्नाने धरली, आणि खालची एलिसेओने.